कुठले माने?

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ आला आणि आठवड्या-दोन आठवड्यांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. शिर्के घराण्याच्या आजच्या वंशजांनी पडद्यावरच्या चित्रणाला आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. घटना १६८९ ची, दिलगिरी २०२५ ची. मधली सव्वातीनशे वर्षं आडनावानं एका उडीत ओलांडली. त्या महिन्यात मी जितकी रील्स पाहिली, त्यांतल्या निम्म्यांखाली कुणी ना कुणी कुणाच्या तरी आडनावाला ‘गद्दार’ म्हणत होतं.

मला त्यात नवीन काही नव्हतं. माझं आडनाव माने. गाव माण तालुक्यात, म्हणजे साताऱ्याच्या पूर्वेला, जिथं पाऊस वाट चुकल्यावरच येतो. पुण्याला वसतिगृहात असताना कुणीतरी संताजी घोरपड्यांवरचा व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पहिला प्रश्न मलाच आला : “काय गं, संताजीला तुम्हीच मारलं ना?” पुढं दोन वर्षं माझं टोपणनाव ‘नागोजी’ होतं.

नागोजी माने म्हसवडचे. आदिलशाहीपासून नावारूपाला आलेलं हे देशमुख घराणं. संताजी म्हणजे राजाराम महाराजांचे सेनापती. १६९५-९६ मध्ये मोगलांच्या कासीमखान आणि हिंमतखान या सरदारांना धूळ चारणारे. पण राजारामांशी बिनसलं, सेनापतिपद गेलं, धनाजी जाधवांशी लढाई जुंपली, आणि १६९७ च्या जूनमध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात एकटे पडलेल्या संताजींना नागोजी मान्यांनी मारलं. खाफीखान लिहितो की ओढ्यावर आंघोळ करत असताना त्यांना गाठलं. मुंडकं तोबऱ्यात घालून नेलं जात असताना ते वाटेत पडलं, मोगलांच्या हाती लागलं आणि औरंगजेबापर्यंत पोचलं.

रीलमध्ये एवढंच असतं. मागे ढोल वाजतात, शेवटी लाल अक्षरात ‘गद्दार’.

रीलमध्ये नसलेली गोष्ट अशी की नागोजींची बायको निंबाळकरांची लेक होती. तिचा भाऊ अमृतराव निंबाळकर धनाजींच्या बाजूनं संताजींशी लढताना हाती सापडला आणि संताजींनी त्याला हत्तीच्या पायी दिलं. त्या बाईचं नाव राधाबाई असं सांगतात. भावाच्या खुनाचा सूड घे, असं तिनं नवऱ्याला म्हटलं. म्हणजे शंभू महादेवाच्या डोंगरात जे घडलं त्यात स्वराज्य, मोगल वगैरे होतंच, पण त्याच्या आत एक मेहुणा होता. हे कळल्यावर मला नागोजी आवडायला लागले असं अजिबात नाही. पण ‘गद्दार’ हा शब्द त्या गोष्टीवर बसेना, एका बाजूनं ओढला की दुसऱ्या बाजूनं उघडं पडायला लागलं.

तेव्हापासून या पट्ट्यातल्या घराण्यांच्या मागे लागले. फलटणचे निंबाळकर, म्हसवडचे माने, जतचे डफळे. नकाशावर ही तिन्ही गावं एका कोरड्या पट्ट्यात येतात. फलटण आणि म्हसवड आज सातारा जिल्ह्यात, जत सांगलीत. पण सांगली जिल्हा मुळात साताऱ्यातूनच निघाला : १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तेव्हा जुन्या कागदांत ही मंडळी शेजारीच बसलेली सापडतात.

आधी आडनावांचंच बघा. निंबाळकर मूळचे पवार. फलटणजवळच्या निंबळक गावावरून निंबाळकर झाले. डफळे मूळचे चव्हाण. जत तालुक्यातल्या डफळापूरची पाटीलकी त्यांच्याकडे, म्हणून डफळे. म्हणजे कूळ आधी, मग गाव, आणि गाव हातात आलं की गावच आडनाव होतं. आपल्याला वाटतं की गावाला माणसाचं नाव मिळतं. इथं उलट आहे. माणसं गावाच्या नावानं ओळखली जातात कारण त्यांची सगळी पत त्या गावात पुरलेली असते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. यूट्यूबवर रात्री दोन वाजता भेटणारी ‘रक्तात न्हाणारी राणी’ एलिझाबेथ बाथोरी तुम्हाला माहीत असेल. (न्हाण्याची कथा तिच्या मृत्यूनंतर बरीच उशिरा जोडलेली आहे, पण ते जाऊ द्या.) बाथोरी हे आडनाव हंगेरीतल्या बातोर नावाच्या गावावरून आलं. त्यांचं मूळ कूळ गुतकेलेद. मध्ययुगीन हंगेरीत अशी अनेक मोठी कुळं होती. कागदपत्रांत माणसाच्या नावापुढे ‘अमक्या कुळातला’ असं लिहीत, आणि पुढं शाखा फुटल्या तशी एकेका गावाची नावं आडनावं होत गेली. १३५१ मध्ये तिथल्या लायोश राजानं कायदाच पक्का केला : सरदाराची वडिलोपार्जित जमीन कुळाची, ती बाहेर जायची नाही, वारस नसेल तर भाऊबंदांकडे जायची. हा कायदा १८४८ पर्यंत टिकला. राजे आले, गेले, तुर्क आले, गेले, कुळं आपापल्या गावात बसून राहिली. हे वाचताना मला सारखं फलटण दिसत होतं.

आपल्याकडच्या या चिकटपणाचं नाव वतन. देशमुखी म्हणजे नुसती जमीन नव्हे. परगण्याचा सारा गोळा होईल हे बघायचं, ओस पडलेलं गाव पुन्हा वसवायचं, तंट्याला गोतसभेत बसायचं, सरकारनं बोलावलं की स्वार घेऊन निघायचं. हिशेब देशपांडे लिहिणार. बदल्यात साऱ्यात ठरलेला वाटा, इनाम आणि मानपान. हे सगळं बापाकडून मुलाकडे जायचं, भावाभावांत वाटलं जायचं. विकायचं झालं तर गोताची साक्ष लागायची. वतनावरून भांडण लागलं की दोन्ही पक्ष आपला ‘करीना’ लिहून द्यायचे, म्हणजे आमचं घराणं कुठून आलं, कुणी सनद दिली, कोण कुठं कामी आलं. आज घराण्याचा इतिहास म्हणून जे छापलं जातं त्यातलं पुष्कळसं असं दाव्यासाठी लिहून दिलेलं आहे. थेट धारपासून किंवा दिल्लीपासून सुरू होणारी वंशावळ वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं. कोर्टात दिलेला जबाब खोटाच असतो असं नाही, पण तो जिंकण्यासाठी दिलेला असतो.

याच कोरड्या पट्ट्यात इतकी लढाऊ घराणी का निपजली, यावर माझं एक मत आहे. इथं सारा फार येत नाही, कारण पीकच येत नाही. एका बाजूला विजापूर, दुसऱ्या बाजूला अहमदनगर, मध्ये शंभू महादेवाची रांग. घोडं आणि भाला हेच इथलं बारमाही पीक. ज्याच्याकडे पाचशे स्वार त्याला दोन्हीकडचे सुलतान विचारणार. चाकरी कुणाची, हा त्या वर्षीचा प्रश्न. वतन कुणाचं, हा पिढ्यांचा.

फलटणचंच घ्या. शिवाजी महाराजांची आजी दीपाबाई निंबाळकरांची, पहिली राणी सईबाईही निंबाळकरांचीच. १६४० मध्ये लग्न झालं; १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजी महाराज जन्मले आणि दोनच वर्षांनी, ५ सप्टेंबर १६५९ रोजी, सईबाई राजगडावर वारल्या. त्यांचे भाऊ बजाजी आदिलशाही चाकरीत. तिथं त्यांना मुसलमान व्हावं लागलं आणि पुढं जिजाबाईंच्या पुढाकारानं ते परत धर्मात आले, असं मराठी परंपरा सांगते. परत आल्यावर रोटीबेटीचं काय, हा खरा पेच. महाराजांनी तो सरळ सोडवला : सईबाईंची मुलगी सखुबाई बजाजींच्या मुलाला, महादजीला दिली. आत्याची मुलगी मामाच्या घरी गेली. आता बजाजी मेहुणेही आणि व्याहीही.

एवढं घट्ट नातं झाल्यावर बजाजींनी स्वराज्यात यायला हवं होतं, असं आपल्याला वाटतं. ते आदिलशाही जहागीरदारच राहिले. आणि मग १६६५ उजाडलं. पुरंदरचा तह झाला, शिवाजी महाराज मिर्झाराजे जयसिंगाच्या बरोबरीनं विजापूरच्या मोहिमेवर निघाले, आणि त्या वाटेवर पहिलं लागलं ते फलटण. डिसेंबरमध्ये फलटण घेतलं. जवळचा ताथवड्याचा किल्ला मावळ्यांनी चढून घेतला. म्हणजे मोगलांच्या बाजूनं आलेल्या शिवाजी महाराजांनी आदिलशहाच्या बाजूनं बसलेल्या आपल्या मेहुण्याचं, लेकीच्या सासऱ्याचं गाव घेतलं.

आता करा यावर रील. शेवटी लाल अक्षरात कुणाचं नाव टाकणार?

मला मात्र या सगळ्यात सखुबाई दिसत राहतात. कागदांत त्या दोन वाक्यांच्या मध्ये उभ्या आहेत. माहेरचं लष्कर सासरच्या वेशीवर आलं तेव्हा वाड्यात काय बोलणं झालं, हे कुणी लिहिलेलं नाही. घराण्यांच्या इतिहासात बायका सांध्यासारख्या येतात. दोन घरं जोडायची असली की दिसतात आणि जोड पक्का झाला की दिसेनाशा होतात. राधाबाईंचं नाव निदान सूडापुरतं तरी उरलं.

हे मी एवढं मनाला लावून घेण्याचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी माझं एक स्थळ आलं. मुलगा तासगावकडचा, पुण्यात नोकरीला. आडनाव घोरपडे. बघायला मंडळी आली, पोहे झाले, आणि मुलाच्या चुलत्यांनी बशी खाली ठेवत विनोद केला, “काय पाव्हणं, आमचा संताजी मारलासा, आता पोरगी देऊन फेडताय व्हय?” सगळे हसले. वडीलही हसले. माझे वडील एसटीत वाहक होते. प्रवाशांच्या विनोदांवर हसायची त्यांना सवय आहे. मी आतून चहा घेऊन येत होते आणि मला क्षणभर वाटलं की चला, वसतिगृहातली दोन वर्षं इथंही वसूल होणार.

मग चुलत्यांनी पुढचा प्रश्न विचारला. या वेळी हसत नव्हते. “कुठलं माने तुम्ही? म्हसवडच्या राजेमान्यांतलं का?”

वडिलांनी सांगितलं की नाही, आम्ही आपले साधे. वडील-आजोबांपासून कोरडवाहू शेती, थोडी शेरडं. ‘असं असं’ म्हणत चुलत्यांनी मान हलवली. देवक विचारलं, मामाचं कूळ विचारलं, आजीचं माहेर विचारलं. जाताना कुंकू लावून घेतलं. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की मुलीत काही वाईट नाही, पण मंडळींना खानदानी सोयरीक हवी आहे.

मी दिवसभर तो निरोप तोंडात घोळवत होते. म्हणजे ज्या घराण्यानं त्यांच्या संताजीला मारलं, त्यातली मी असते तर चाललं असतं. फक्त विनोद झाला असता. आम्ही कुणालाच मारलं नव्हतं, ही अडचण होती.

त्या दिवशी मला ‘गद्दार’ या शब्दाचं गणित कळलं. रीलमध्ये ती शिवी असते, पण लग्नाच्या बैठकीत ती पत असते. शिर्क्यांचा आक्षेप, मान्यांची टिंगल, निंबाळकरांचं कौतुक, हे सगळं ज्यांच्याकडे वतन होतं त्यांच्या आपापसातलं बोलणं आहे. निष्ठा कुणाशी होती, यावर आपण सव्वातीनशे वर्षं भांडतोय, कारण तो प्रश्न वाड्यातल्यांना सोयीचा आहे. वाड्याबाहेरच्यांचा प्रश्न वेगळा : खर्च कुणी भरला?

हा प्रश्न त्या काळातही कुणाला सुचला नव्हता असं नाही. शिवाजी महाराजांनी वतनदारांचे कोट-वाडे पाडले, त्यांनी रयतेकडून परस्पर मनमानी वसूल करणं बंद केलं, असं सभासद लिहितो. पुढं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांवर एक अख्खं प्रकरण आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हे लोक म्हणायला चाकर, पण खरे राज्याचे भाऊबंदच. आहे तेवढ्यावर समाधान नाही, शेजाऱ्याचं बळकावायला टपलेले. आणि परचक्र आलं की वतनाच्या आशेनं आधी शत्रूला जाऊन भेटतात. अमात्यांचा उपायही व्यवहारी आहे. यांना मोडू नका, मोकळंही सोडू नका. हे लिहिणारा माणूस औरंगजेबाच्या स्वारीत राज्य सावरणारा आहे, त्यानं हे पुस्तकात वाचलेलं नाही. राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेब जहागिरी वाटत होता, मग इकडूनही सरदारांना वतनं, इनामं द्यावी लागली. थोरल्या महाराजांनी जे आवळलं होतं ते लढाई टिकवण्यासाठी सैल करावं लागलं. शिर्क्यांचं भांडणही दाभोळच्या देशमुखीवरूनच तर होतं.

आणि घराणी टिकली. निंबाळकरांची एक शाखा रावरंभा या किताबानं निजामाकडे मोठी झाली; १७९५ च्या लढाईत निजामानं ज्या खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला तो निंबाळकरांनीच बांधलेला. फलटणची शाखा फलटणमध्येच. डफळे आदिलशाहीतून मोगलांकडे, मोगलांकडून साताऱ्याच्या छत्रपतींच्या छायेत. १८२० मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या जहागीरदारांशी करार केले, त्यात फलटण होतं, जत होतं. १९४८ च्या मार्चमध्ये दोन्ही संस्थानं विलीन झाली. सुलतान, बादशहा, पेशवा, कंपनी, राणी, एवढे सगळे येऊन गेले आणि यांचे पत्ते बदलले नाहीत. देशमुखी संपवायला स्वतंत्र भारताचा १९५० चा परगणे व कुलकर्णी वतनांचा कायदा यावा लागला. फलटणचा राजवाडा आता मालिका-सिनेमांत दिसतो. मुधोजी हायस्कूल, मुधोजी कॉलेज ही नावं तिथल्या पोरांना फक्त शाळा-कॉलेजची नावं वाटतात, आणि ते मला बरं वाटतं.

स्थळ मोडल्यावर मी सुट्टीच्या दिवशी जुने छापील कागद वाचायला बसायचे. महजर, निवाडे, हक्कांच्या याद्या. मोडीचं देवनागरी करून कुणी कुणी आयुष्यभर ते छापलंय, त्यांचे उपकार. त्यातल्या हक्कांच्या याद्या कंटाळवाण्या असतात म्हणून कुणी वाचत नाही. मला त्याच वाचवल्या. देशमुखाला काय काय मिळायचं : तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा, गावाकडून तूप, दसऱ्याला बकरा, सणाला पहिला मान. त्यात लढाई नाही, गद्दारी नाही, घोडा नाही. घेणाऱ्याचं नाव आडनावासकट असतं. देणाऱ्यांची नावं नसतात. ‘तेली’, ‘चांभार’, ‘रयत’ एवढंच.

आईला यातलं एकदा वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. स्थळ मोडल्याचं तिनं माझ्यापेक्षा जास्त लावून घेतलं होतं आणि या वाचनातून आपलं काहीतरी निघेल, एखादी सनद, एखादा शिलेदार, अशी तिला आशा होती. तिनं विचारलं, “मग आपले सापडले का त्यात?”

म्हटलं, नावानं नाही.

“मग?”

मी यादी परत वाचली. ती दसऱ्याच्या बकऱ्यापाशी थांबली. आमच्याकडे अजून चार शेरडं आहेत, त्यांचं दावं तिच्याच हातात असतं. “बकरा,” ती म्हणाली, “तो वाड्यावर जन्मला नसंल.” मग तिनं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, खडे बघ, मला आता दिसत नाहीत.